ऊठ म्हटलं की बसणारं कुत्रं

हळद शिजायला लागली की आमचं कुत्रं मोरीत जाऊन झोपतं. बाहेर ट्रॅक्टरला जोडलेला कुकर वाफ सोडत असतो. थोडा मातीसारखा, थोडा औषधासारखा ओला वास गल्लीभर पसरतो, आणि हा मोरीच्या गार फरशीवर पोट टेकून, मागचे दोन्ही पाय बेडकासारखे पसरून घोरत पडतो. घोरतो तोही माणसासारखा. मला आंघोळीला जायचं असेल तर त्याला ओलांडावं लागतं. मी ओलांडते. त्याला 'ऊठ' म्हणत नाही. त्या शब्दाचं आमच्या घरात काय झालं ते सांगायचं तर तो पहिला उन्हाळा सांगावा लागेल.

आमचं गाव विट्याच्या अलीकडं. पूर्वी इथं बाजरी आणि मटकी, बास. म्हणून आमच्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं. माझा दत्ता कोइमतूरला गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. पुढं कॅनॉल आला, रानात ऊस आला, हळद आली. गेलेली पोरं काही आली नाहीत. पाणी उशिरा आलं, एवढंच.

त्या वर्षी हळद काढायला बायका लावल्या होत्या आणि दत्ता गाडी घेऊन दारात उभा राहिला. मागच्या सीटवर कोणी म्हातारा पाहुणा बसलाय असं मला वाटलं. काळवंडलेलं तोंड, कपाळाला आठ्या, गाल लोंबलेले, नजर अशी की नुकताच कुणाच्या मातीला जाऊन आलाय. मी पदर सारखा केला. मग पाहुण्यानं काचेला जीभ लावली.

"ह्ये काय आनलंस?"

"आई, बॉक्सर हाय. जातिवंत."

"बॉक्सर म्हंजे मारामारी करनारं?"

"न्हाई गं. लय मायाळू जात हाय."

"मायाळू हाय तर तोंड असं का? आन् नाक कुठं गेलं?"

"तसंच असतंय त्यांचं. चपटं."

"शेपूट?"

"पिल्लू असतानाच तोडत्यात."

"कोन तोडतं? कशाला?"

ते दत्ताला माहीत नव्हतं. शेपटाच्या जागी अंगठ्याएवढं बोंडूक होतं. खाली उतरल्या उतरल्या त्यानं ते हलवलं, पण तेवढ्यानं त्याचं भागेना म्हणून सगळं मागचं अंगच हलवायला लागला. इतका वाकला की तोंड आणि ढुंगण एकमेकांना लागायला आलं. हळद मोडत बसलेल्या बायका हातातलं टाकून बघायला लागल्या. माझ्याकडं वर्षानुवर्षं कामाला येणारी तानूबाई म्हणाली, "आत्ती, ह्येला मोडशी झाली काय वो?"

मग दत्तानं त्याचं नाव सांगितलं. मणी. तिकडं कुत्र्यांना हे नाव सर्रास ठेवतात म्हणे. बायका पोट धरून हसल्या.

"आवं दत्तूभाऊ, मनी तर मांजर असती!"

"उद्या म्यांव म्हनंल गं बया."

मला काही हसू आलं नाही. एवढं मोठं जनावर, छाती माणसाएवढी, आणि त्याला मांजराच्या नावानं हाक मारायची? मी पहिल्या दिवसापासून त्याला 'कार्ट्या' म्हणायला लागले. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या नावात आहे, पण तेव्हा मला ते कुठून कळणार.

दत्ताची अडचण अशी होती. त्यानं घर बदललं होतं. नवं घर माडीवरचं, आणि मालकाला कुत्रं नको होतं. दुसरी जागा बघेपर्यंत कुत्रं कुठं ठेवायचं? "पाऊस लागला की न्यायला येतो, आई. तवर तेवढं जगव. पोरांचा जीव हाय त्याच्यात. काय बरंवाईट झालं तर मला घरात तोंड दाखवायला जागा न्हाई."

मी हो म्हटलं. कुत्र्याच्या मायेनं म्हटलं नाही. दत्ता गावाकडं यात्रेलाही येईनासा झाला होता. माझ्या मनात आलं, कुत्रं न्यायला म्हणून तरी पावसाळ्यात येईल. म्हणजे कुत्रं जगलं पाहिजे. हिशेब साधा होता.

कुत्रं मात्र साधं नव्हतं. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडं धनगरांची कुत्री मी लहानपणापासून बघितलेली. ती कुणाच्या वाटेला जात नाहीत, आणि कुणी त्यांच्या मेंढराच्या वाटेला गेला तर सोडत नाहीत. कुत्र्याचा स्वभाव असा सरळ असतो, अशी माझी समजूत. याचा स्वभाव मला उलगडेना. अंगानं पैलवान, तोंडानं न्यायाधीश, आणि वागणं बालवाडीतलं. दारात भांडीवाला आला, तर हा भुंकेल म्हणून मी बघत बसले. हा उठला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन पंजे भांडीवाल्याच्या छातीवर ठेवून त्याच्याशी मुष्टियुद्ध खेळायला लागला. भांडीवाला टोपली टाकून बोळात पळाला. हा टोपलीपाशी बसून राहिला. एक भांडं चाटलं नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. आता हा राखण करत होता, की त्या माणसाची वाट बघत होता? मला अजून सांगता येत नाही.

तानूबाईची नात तेव्हा नुकती चालायला लागली होती. बायका हळकुंडं मोडायला बसल्या की तिला झाडाखाली पोत्यावर ठेवत. हा जाऊन तिच्या शेजारी पडायचा. ती त्याच्या गालाच्या लोळ्या धरून उभी राहायची, कान ओढायची, तोंडात हात घालायची. हा हलायचा नाही. पण शेळी त्या बाजूला आली की उठून मधे उभा राहायचा. शेळीला चावायचा नाही, फक्त मधे उभा. शेळीनं वाट बदलली की परत आडवा. तानूबाई म्हणायची, "माझ्या सुनंपरीस ह्योच बरा हाय." सून तिथंच बसलेली असायची.

आणि दुसरीकडं माझं एक ऐकायचा नाही. 'बस' म्हटलं की नुसता बघत उभा. 'इकडं ये' म्हटलं की मान वाकडी करायचा, या कानाकडं, मग त्या कानाकडं, जसं काही मी बोलतेय ते त्याच्यापर्यंत पोचताना वाटेत कुठंतरी सांडतंय. बरं, बहिरा म्हणावा तर तसंही नाही. मी डाळ निवडायला घेतली तरी त्याला परसात ऐकू जायचं. सगळ्यात मोठं कोडं म्हणजे त्याला रागावलं की तो लाडात यायचा. त्यानं एकदा माझी नवी चप्पल फाडली. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वा! वा रं वा!" तो धावत आला आणि माझ्या खांद्यावर पंजे ठेवून त्यानं माझा चष्मा चाटला. असा निर्लज्ज मी माणसांत सुद्धा बघितलेला नाही.

आणि 'ऊठ' म्हटलं की बसायचा. हे तर गल्लीभर झालं. दाराच्या उंबऱ्यात आडवा पडलेला असला की मी ओरडायचे, "ऊठ, कार्ट्या!" तो झोपेतून दचकायचा, आणि उठायचं सोडून ताठ बसायचा. परत ओरडलं की आणखी ताठ. छाती पुढं, तोंड वर, डोळे माझ्यावर. शेजारचे शामराव कट्ट्यावर बसून बघायचे.

"वैनी, तुमच्यावानी कुनी भेटलं न्हवतं, आता भेटलं."

"म्हंजे काय वो?"

"आवं, उलटं चालनारं."

दत्ताचा फोन त्या दिवसांत रोज यायला लागला. आधी महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. पहिला प्रश्न, "मणी कसा हाय?" मग, "खातोय का? जेवल्यावर लगेच पळू देऊ नको, पोट फुगतंय त्या जातीचं. तोंडाच्या वळ्या ओल्या फडक्यानं पूस, न्हाईतर कुजत्यात. उन्हात सोडू नको." मग शेवटी, "तू बरी हाईस न्हवं?" मी बरीच असायचे. तेवढं म्हणेपर्यंत त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलेलं असायचं. कुत्र्याच्या तोंडाच्या वळ्या मी रोज पुसत होते. स्वतःच्या तोंडाला मी कधी एवढा वेळ दिला नव्हता. पुसताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि माझ्या हातावर लाळ गाळायचा. ते किळसवाणं होतं. आता सवय झाली म्हणून ते किळसवाणं नाही असं मी म्हणणार नाही.

मग ऊन चढलं.

शिजवलेली हळद खळ्यावर ताडपत्र्यांवर पसरली होती. सगळं खळं पिवळं. डोळे दिपतील असं पिवळं. दुपार टळटळीत, बायका भाकरी सोडून झाडाखाली बसलेल्या. मी कुत्र्याला घरात कोंडून आले होते, पण कुणीतरी पाण्याची घागर न्यायला गेलं आणि दार उघडं टाकलं. हा मला शोधत आला. पळतच आला असणार. येऊन हळदीच्या कडेला, भर उन्हात, जीभ बाहेर काढून आडवा पडला.

मी झाडाखालून ओरडले, "ऊठ, कार्ट्या! हिकडं सावलीला मर!"

तो बसला.

"ऊठ, कार्ट्या!"

ताठ बसला. छाती धापेनं वर-खाली होत होती. बायका हसायला लागल्या. मलाही चेव आला. एवढ्या बायकांपुढं एक कुत्रं माझं ऐकत नाही म्हणजे काय! मी पुढं झाले, काठी उगारली, आणि "ऊठ कार्ट्या, ऊठ कार्ट्या" असा सपाटा लावला. त्याची जीभ लांब आली होती आणि रंग बदलत होती. लालाची जांभळी. तोंडातून फेस. तरी तो बसलेला, आणि नजर माझ्यावरच. त्या नजरेत हट्ट नव्हता. हट्टी जनावर दुसरीकडं बघतं, हे मला बैलांमुळं माहीत आहे. हा माझ्याकडं असा बघत होता, जसं काही तो मला विचारत होता, अजून किती? मला ते तेव्हा कळलं नाही. मी म्हणत होते ऊठ, तो बसत होता. मी आणखी मोठ्यानं म्हणत होते, तो आणखी नेटानं बसत होता. मग त्याची पुढची ढोपरं वाकली आणि तो कुशीवर हळदीत पडला.

हसणं थांबलं. तानूबाई सगळ्यात आधी धावली. म्हशीला झळ लागली की काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. ओढून सावलीत घेतला, पोटावर, मांड्यांत, पंजांवर पाणी ओतलं, ओलं पोतं खाली घातलं, पदरानं वारा घातला. शामरावांचा टेंपो हळदीची पोती न्यायला आलेलाच होता. त्यातली पोती उतरवली आणि कुत्रं घातलं. विट्याच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्याच्या अंगाला ओली हळद लागलेली, माझ्या लुगड्याला लागलेली. दोघंही हळदीच्या अंगानं चाललो होतो. लग्नाला म्हणावं तर वऱ्हाड नव्हतं. मी सगळ्या वाटेनं एकच विचार करत होते. हा मेला तर दत्ता पावसाळ्यात कशाला येईल?

डॉक्टर तरुण होते, पण हात हलका होता. सलाईन लावली, अंगावर ओली फडकी टाकली, पंखा सोडला. म्हणाले, "आजी, थोडक्यात वाचलाय. ह्या कुत्र्याचं नाक आखूड असतं. आपल्या गावठी कुत्र्यासारखी धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढता येत नाही त्याला. ही जात आपल्या हवेची नाही. जर्मनीची आहे."

"जर्मनची?" मी विचारलं. आमच्याकडं जर्मनची म्हणजे पातेली असतात, पांढरी, हलकी, पटकन तापणारी. मी त्याला जर्मनच्या पातेल्यातच जेवायला घालत होते.

"जर्मनी देश. तिथं पूर्वी शिकारी लोक रानडुकरावर असली दणकट कुत्री सोडायचे. बॉक्सर त्याच वंशातला, त्यात पुढं इंग्रजांचं बुलडॉग मिसळलं. कुत्र्यानं डुकराला मारायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. मालक येईपर्यंत. काही झालं तरी सोडायचं नाही. म्हणून जबडा असा, खालचा पुढं आलेला."

मी त्या जबड्याकडं बघितलं. एक खालचा दात ओठाबाहेर दिसत होता. मालक येईपर्यंत धरून ठेवायचं! तेव्हा कुठं मला भांडीवाल्याची टोपली आठवली. तरी सगळं जुळेना. एवढ्या इमानी वंशाचं जनावर माझा एक शब्द का ऐकत नाही?

डॉक्टरांनाही ते कळेना. त्यांनी इंग्रजीत 'सिट' म्हणून बघितलं. हिंदीत बोलून बघितलं. कुत्रं त्यांच्याकडं मान वाकडी करून बघत पडलं. शेवटी त्यांनी दत्ताला फोन लावायला सांगितला, मागची दुखणी विचारायला. फोन कुत्र्याशेजारी टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. दत्ताचं ऐकून घेणं चाललं होतं. मग त्याचा आवाज फुटला, "मणी? मणी! मणी, उट्कारु! उट्कारु!"

टेबलावरचं कुत्रं धडपडलं. सलाईनची नळी ताणली गेली. पाय थरथरत होते, तरी त्यानं मागचं अंग खाली दाबलं, पुढचे पाय सरळ केले आणि बसलं. छाती पुढं. ताठ.

"काय म्हनलास?" मी विचारलं.

"बस म्हनलो. आडवा पडून ऱ्हाऊ नये म्हनून."

"बस कुठं म्हनलास? ऊठ कार— म्हनलास."

"उट्कारु, आई. तमिळमदी बस म्हंत्यात तसं."

"परत म्हन."

त्यानं परत म्हटलं. कुत्रं आणखी ताठ बसलं. डॉक्टर हसू लागले, मग माझ्याकडं बघून थांबले.

"आन् ये म्हनायचं तर?"

"वा."

मी खुर्चीवर बसले. वा. वा रं वा. चप्पल फाडणारा तो धावत का आला होता ते आता कळलं. मी बोलावलं होतं त्याला. आणि खळ्यावर, त्या उन्हात, मी त्याला एकसारखं बजावत होते, बस, बस, बस, तिथंच बस. जीभ जांभळी होईपर्यंत तो बसला होता. सावली दोन हातांवर होती. त्याला दिसत नव्हती असं थोडंच आहे.

"मुडद्या, ह्ये आधी सांगायचं न्हाईस व्हय?" मी फोनवर ओरडले. 'मुडद्या'ला तमिळमध्ये काही अर्थ नसावा, कुत्रं गप्प होतं.

दत्तानं तिकडच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "आई, खरं सांगू? मी त्याच्याशी तमिळ बोलतो ह्ये माझ्या ध्यानातच न्हवतं. मला वाटायचं मी आपलं बोलतोय."

हे वाक्य त्या उन्हाळ्यापासून माझ्याजवळ आहे. कुत्र्याचं कोडं सुटलं आणि हे दुसरं लागलं. 'आपलं' म्हणजे कुठलं? माझ्याशी तो मराठी बोलतो ते काय ध्यानात ठेवून बोलतो का? पाहुण्यांशी बोलावं तसं? नातवंडं सुट्टीला येतात तेव्हा माझ्याशी नीट मराठीत बोलतात, 'आज्जी, पाणी दे', 'आज्जी, बरी आहेस का', आणि आपसांत भांडायला लागली की तमिळ. भांडण आणि लाड ज्या भाषेत होतात ती आपली, असं माझं मत. त्या हिशेबानं माझ्या घरातली मी एकटीच उरते. मग वाटतं, असंही नसेल. पोटासाठी गेलेला माणूस तिथलं पाणी पितो, तिथलं बोलतो, त्यात रडण्यासारखं काय आहे? मीही साताऱ्याकडून इकडं लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्याला इथल्या बायका हसायच्या. आता माहेरचे हसतात. मी कुणाची झाले, ते मला तरी कुठं सांगता येतं?

असो. या वयात मी तमिळ शिकणार नव्हते. शिकायचं ते कुत्र्यानं शिकावं असं ठरवलं. सगळा उन्हाळा त्यातच गेला. दुपारभर त्याला मोरीत ठेवायचं, फरशीवर पाणी मारायचं, पहाटे आणि दिवस कलल्यावर तेवढं फिरवायचं. सारवल्या अंगणात संध्याकाळी त्याची शाळा. 'बस' म्हटलं की ढुंगण खाली दाबायचं आणि भाकरीचा तुकडा. 'ये' म्हटलं की तुकडा. 'ऊठ' हा शब्द घरातून काढून टाकला. तानूबाईला, शामरावांना, सगळ्यांना ताकीद दिली. शामराव म्हणाले, "मग आमी उठायचं कसं?"

"तुमाला कोन उठवतंय? तुमी बसूनच असता."

खोड्यांत तो पटाईत होता, पण शिकायला मंद. डॉक्टर म्हणाले, ही जात मोठी व्हायला वेळ लावते, दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत पिल्लूच असतं. मार दिला तर रुसतं, आणि रुसलं की आठ दिवस तोंड फिरवून बसतं. ते खरं होतं. एकदा मी चापट दिली तर माझ्याकडं पाठ करून भिंतीला तोंड लावून बसला. मीही रुसणाऱ्यातलीच. दोघं एका अंगणात दोन भिंतींकडं तोंड करून बसलो होतो. शेवटी भाकरी मी केली, म्हणून त्याला वळावं लागलं.

'ये' मात्र त्यानं असा उचलला की बोलायची सोय राहिली नाही. मी शेजारणीला 'ये गं' म्हटलं, हा हजर. भाजीवालीला 'उद्या ये' म्हटलं, हा हजर. कुठंही असो, परसात, बोळात, शामरावांच्या कट्ट्याखाली. शब्द कानावर पडला की मागचं अंग हलवत, दुमडत, माझ्या पायाशी.

पाऊस लागला. हळद सांगलीच्या बाजाराला गेली. कबूल केल्याप्रमाणं दत्ता आला. खालच्या मजल्यावरची जागा मिळाली होती, मालक कुत्र्याला हो म्हणाला होता. कुत्रं जिवंत, धडधाकट होतं, अंगाला तुकतुकी आली होती. दत्ता म्हणाला, "माझ्याकडं असतानाबी एवढा बरा न्हवता." उन्हाळ्याचं काम पार पडलं होतं. तो आला होता. दोन दिवस राहिला, मटकीची उसळ खाल्ली, दुपारी माजघरात झोपला. झोपेत काही बोलतो का, म्हणून मी कान देऊन बसले होते. नुसता घोरत होता.

जायच्या सकाळी कुत्र्याला मागच्या सीटवर बसवलं. काच अर्धी खाली होती. दत्ता माझ्या पाया पडला, गाडीत बसला आणि म्हणाला, "आई, येतो."

निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, आणि निरोप देणाऱ्यानं 'जा' म्हणायचं नाही. मी देवधर्म फारसा करत नाही. उपास मला सोसत नाहीत. पण रस्त्याला लागलेल्या माणसाला मी कधी 'जा' म्हटलेलं नाही. मी म्हणाले, "ये."

कुत्रं काचेतून बाहेर आलं. धड उडी नव्हती ती, अर्धं अंग अडकलं, मग सगळं पडलं. उठून माझ्या पायाशी आलं, मागचं अंग हलवत.

दत्तानं त्याला उचलून परत गाडीत घातलं. ओझं कमी नव्हतं. काच वर केली. "बरं आई, येतो."

"ये बाबा."

आतून काचेवर पंजे बडवायला लागला. जीव खाऊन. गाडी डुलायला लागली. दत्तानं दार उघडलं तशी त्याच्या मांडीवरून तुडवत माझ्याकडं आला. शामराव कट्ट्यावरून उठून उभे राहिले होते, म्हणजे प्रसंग मोठा होता.

"वैनी, एकदा 'जा' म्हना की! सुटू दे गाडी. त्येला न्हाई, पोराला म्हना. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते मलाही सांगता येत नाही. शब्दच तो. तमिळमधला एक शब्द मराठीत उलटा होतो आणि जनावर मरायला टेकतं, हे मी नुकतंच बघितलं होतं. मी तोंड उघडलं. 'जा' ओठापर्यंत आला असेल नसेल. समोर दत्ता गाडीचं दार धरून उभा होता, कपाळाला आठ्या, घामानं शर्ट भिजलेला. मी तोंड मिटलं.

दत्तानं दार सोडून कुत्र्यापुढं हात केला. मग म्हणाला, "मणी, वा."

कुत्र्यानं त्याच्याकडं बघितलं. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. जागचं हललं नाही.

"ऱ्हाऊ दे, आई," दत्ता म्हणाला. "ह्येला आता मराठी कळतंय. तिकडं ह्येच्याशी कोन बोलनार?"

बोलून गेल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं असावं. त्याचं तोंड तसं झालं. मी न बघितल्यासारखं केलं. "पोरांना काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगतो, मणी आज्जीकडं हाय. बघायचं असंल तर चला."

त्याला आता बरीच वर्षं झाली. कुत्र्याचं काळं तोंड पांढरं झालं. मागच्या पायावर एक गाठ आली होती ती डॉक्टरांनी काढली. हृदयही नाजूक असतं या जातीचं, आयुष्य बेताचं, असं ते दर वेळी सांगतात, आणि दर वेळी माझ्याकडं बघून एकदम थांबतात. दत्ता दर वर्षी येतो. कधी पोरांना घेऊन, कधी एकटा. माझ्यासाठी येतो की कुत्र्यासाठी, ते मी विचारलेलं नाही. त्यालाही ठाऊक नसेल. यंदाही हळद शिजत असतानाच आला. कुकरच्या वाफेत उभा राहून पोरासारखा वास घेत होता. मोरीत जाऊन कुत्र्याजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. हळू बोलला. मराठीत की तमिळमध्ये, ते मला बाहेर ऐकू आलं नाही. कुत्र्यानं बोंडूक हलवलं.

काल सकाळी निघाला. "आई, येतो."

"ये," मी म्हणाले. कुत्रं मोरीतून उठून, कमरेत अडखळत, माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. गाडी बोळातून वळली, हळदीच्या ताडपत्र्यांच्या कडेनं गेली, दिसेनाशी झाली. मी परत एकदा म्हणाले, "ये."

कुत्र्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग या बाजूला वाकडी केली, त्या बाजूला केली. ते आलेलंच होतं. आता आणखी कुठं यायचं, ते त्याला कळेना.